पिशवी बाद होते, दात्याला कोण कळवणार?

महोदय,

गणेशोत्सव जवळ आला की गल्लोगल्ली रक्तदान शिबिरांचे फलक लागतात. आमच्या मंडळाच्या शिबिराचे काम गेली अठरा वर्षे मी पाहतो. त्या अनुभवातून हे पत्र लिहीत आहे.

दान केलेल्या प्रत्येक पिशवीतील रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया अशा पाच आजारांसाठी तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. दोष आढळला तर पिशवी नष्ट होते, रुग्ण वाचतो. पण ज्याच्या दंडातून ती पिशवी भरली, त्याचे पुढे काय?

माझ्या पुतण्याने आमच्याच मंडपात दोन वेळा रक्त दिले. नंतर हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत त्याला हिपॅटायटिस बी असल्याचे कळले. तो रक्तकेंद्रात चौकशीला गेला, तेव्हा दोन्ही पिशव्या बाद केल्याची नोंद निघाली. 'फोन लागला नाही' एवढेच उत्तर मिळाले. अर्ज काढून पाहिला, तर मोबाइल क्रमांकातला एक आकडा १ आहे की ७, हे कुणालाच सांगता येईना. तो अर्ज आमच्याच कार्यकर्त्याने मांडीवर पुठ्ठा ठेवून भरला होता. दोष निघाल्यास कळवावे का, असा प्रश्न अर्जात असतो. तिथे 'हो'वर खूण होती, पण ती पुतण्याने केलेली नव्हती. कार्यकर्ते सगळ्यांच्याच अर्जांवर सरसकट खुणा करत होते.

मधल्या तीन वर्षांत पुतण्याला कसलाच त्रास नव्हता. हा विषाणू वर्षानुवर्षे गुपचूप यकृत पोखरतो आणि शरीरसंबंधातून, रक्तातून, बाळंतपणात आईकडून मुलाला लागू शकतो. सुदैवाने पत्नीची तपासणी निर्दोष आली आणि तिला लस देता आली. मुलाला जन्मतःच लस मिळाली होती. वेळेवर निरोप आला असता, तर ही तीन वर्षे नशिबावर सोडावी लागली नसती.

निकाल मंडळाला सांगू नये हे योग्यच, ती दात्याची खासगी बाब आहे. म्हणूनच त्याच्यापर्यंत पोहोचण्याची जबाबदारी रक्तकेंद्राची आहे. एकदा फोन करून ती संपत नाही. पहिल्या चाचणीत दोष दिसला म्हणजे आजार पक्का झाला असेही नाही, खात्रीची तपासणी लागते. ते दात्याला समोर बसवून नीट समजावले पाहिजे, नाहीतर माणूस हादरून जातो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. सी तर बहुतेकांचा काही महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. उपचार दारात असताना रुग्णालाच पत्ता नाही, याची मला फार खंत वाटते.

तपासणीलाही मर्यादा आहे. संसर्ग ताजा असेल तर नेहमीच्या चाचणीत तो काही आठवडे सापडत नाही. रक्तात विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी 'नॅट' चाचणी हा काळ बराच कमी करते, पण ती आपल्याकडे सक्तीची नाही. अशा वेळी दात्याने दिलेली खरी उत्तरेच रुग्णाला वाचवतात. वर्षभरात गोंदवले का, कावीळ झाली होती का, घरात कुणाला आहे का, हे प्रश्न लाउडस्पीकरच्या दणदणाटात, मागे मित्र उभे असताना विचारले तर कोण खरे सांगेल? त्यात हेल्मेट, टिफिनची भेट आणि शंभर पिशव्यांचा आकडा गाठायची आमची घाई! भेटवस्तू बंद करा, असे मी मंडळाच्या बैठकीत दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा एकटा पडलो.

यंदा आम्ही मंडपामागच्या शाळेची एक खोली फक्त डॉक्टर आणि दाता यांच्यासाठी मागून घेतली आहे. मोबाइल क्रमांक दात्याने स्वतः लिहायचा आणि तिथल्या तिथे मिस्ड कॉल देऊन तपासायचा, असे ठरले आहे. दोष आढळलेल्या किती दात्यांशी प्रत्यक्ष बोलणे झाले, तो आकडा, फक्त आकडा, शिबिरानंतर तीन महिन्यांनी आम्हाला द्यावा, असे पत्र रक्तकेंद्राला दिले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

– एक शिबिर संयोजक, सातारा