अ‍ॅप हिरवं, पिशवी गढूळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरी डायलिसिस करणाऱ्या पेशंटवर मोबाईल अ‍ॅपमधून लक्ष ठेवता येतं, सारखं हॉस्पिटल गाठावं लागत नाही असं हल्ली बरंच वाचायला मिळतं. खोटं नाहीये ते. पण हे अ‍ॅप रोज वापरणाऱ्या घरातून कोणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आमच्या ह्यांचं पोटातलं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, गेली तीन वर्षं मीच घरी करते. दिवसातून चार वेळा. पोटातल्या नळीतून दोन लिटर ग्लुकोजचं पाणी आत सोडायचं, चार-सहा तास ठेवायचं, मग बाहेर काढून पिशवीचं वजन करायचं. आत २००० गेलं आणि बाहेर २३०० आलं तर अंगातलं ३०० एमएल जास्तीचं पाणी निघालं. हे आकडे, सकाळचं वजन, बीपी, पिशवी दीड टक्के ग्लुकोजवाली लावली की अडीचवाली, सगळं आधी वहीत लिहायचो. सीएपीडीची पद्धत १९७६ सालापासूनची आहे आणि तेव्हापासून बहुतेक घरं वहीवरच चालत आली असणार. आता अ‍ॅप.

अ‍ॅपचा फायदा झाला हे आधी सांगते, नाहीतर म्हातारीला मोबाईल जमत नाही म्हणून रडतेय असं वाटायचं. मागे ह्यांचं वजन रोज शंभर-दोनशे ग्रॅमने चढत होतं, वहीत ते कळलंच नसतं कारण वहीत आपण कालचा आकडा बघतो, फार तर परवाचा. अ‍ॅपमध्ये रेघ वर चाललेली दिसली, नर्सनेही बघितली, डॉक्टरांनी एक पिशवी बदलून दिली आणि पायाची सूज वाढायच्या आत काम झालं. (आमचे हे मधेच आळसाने कालचंच वजन आज टाकतात आणि अ‍ॅप निमूटपणे घेतं, ती गोष्ट वेगळी.)

आता दुसरी बाजू. एका शनिवारी संध्याकाळी पाणी काढलं. वजन ठीक, बीपी ठीक, पाणीही पुरेसं आलेलं, मी आकडे भरले, अ‍ॅपने हिरवी खूण दाखवली. पण पिशवी मला जराशी दुधट वाटली. ट्रेनिंगमध्ये नर्सने शिकवलं होतं की शंका आली तर पिशवीखाली पेपर धरायचा, अक्षरं स्वच्छ वाचता आली तर पाणी चांगलं. तुमचाच पेपर धरला, मथळा दिसत होता पण खालचा मजकूर काही केल्या लागेना. अ‍ॅपमध्ये पाण्याच्या रंगाला रकानाच नव्हता. मेसेजमध्ये फोटो टाकला तर मोबाईलच्या कॅमेऱ्याने आपणहून उजेड वाढवून पाणी छान चकचकीत करून ठेवलं! खाली "तुमची माहिती मिळाली" असं आलं. मला वाटलं कोणीतरी बघितलं. तासभर मी त्या एका ओळीच्या भरवशावर बसले, ह्यांचं पोट दुखायला लागलं तेव्हा फोन लावला, तर ड्युटीवरची नर्स म्हणाली पिशवी टाकू नका, तशीच घेऊन लगेच या. पेरिटोनायटिस निघाला, म्हणजे पोटातल्या पडद्याचं इन्फेक्शन. त्याच रात्री पिशवीतून अँटिबायोटिक सुरू झाली, वेळेवर आलात म्हणाले. अ‍ॅपवरचा तो फोटो सोमवारी दुपारी उघडला गेला.

नर्सला मी दोष देत नाहीये, तिच्याकडे किती पेशंट असतात ते मी बघितलंय. शनिवार-रविवार अ‍ॅप बघायचं काम कोणाचं हे कोणी ठरवलंच नव्हतं आणि आम्हाला मात्र वाटत राहिलं की पलीकडे चोवीस तास माणूस बसलंय. रात्री मशीनवर डायलिसिस करणाऱ्यांची काही मशीन सकाळी आपणहून रिपोर्ट पाठवतात, त्यांना तर हाताने भरायचीही कटकट नाही, पण तो रिपोर्ट कोण कधी उघडतो हा प्रश्न तिथेही आहेच ना.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की अ‍ॅपच्या पहिल्याच स्क्रीनवर मोठ्या अक्षरात लिहा, ही माहिती अमक्या वारी अमक्या वेळेत बघितली जाते, बाकी वेळी या नंबरवर फोन करा. आणि आकड्यांच्या आधी विचारा, पाणी स्वच्छ आहे का गढूळ. गढूळ म्हटलं की हिरवी खूण नको, पिशवी ठेवा आणि आत्ता फोन करा असं आलं पाहिजे. नळीच्या तोंडाशी लाली किंवा पू आहे का, हेही त्याच्याच खाली.

अजून एक, अ‍ॅप बनवणाऱ्यांनी एकदा कोणाच्या तरी घरी पूर्ण एक्स्चेंज, म्हणजे जुनं पाणी काढून नवं भरणं, बघावं. तोंडाला मास्क, हात घासून धुतलेले, पंखा बंद, नळी जोडायची आणि नेमकं तेव्हाच अ‍ॅप टुणटुण करतं, "तुमची एंट्री बाकी आहे". त्या हाताने मोबाईलला शिवलं की परत सगळे हात धुवा. मी आता तो दुसऱ्या खोलीत ठेवते आणि आकडे आधी वहीतच लिहिते, अ‍ॅपमध्ये नंतर भरते. पेपरचं एक पान मात्र पिशवीच्या टेबलावर कायम असतं, बहुतेक छोट्या जाहिरातींचं, त्यातली अक्षरं सगळ्यात बारीक.

आपली,
एक वाचक