मावशींच्या हातात पेन्सिल देणाऱ्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं दादा. पण आभार मी चारचौघांत मानणार, एवढं माझं ऐका.

त्या सोमवारी सहावीतल्या एका मुलीची आई माझ्यासमोर बसली होती. गुरुवारी शाळा सुटताना मागच्या फाटकाशी कुणी अनोळखी माणूस तिच्या लेकीचं दप्तर धरून उभा राहिला होता. पोरीनं तीन दिवस तोंड उघडलं नाही. रविवारी रात्री आईच्या कुशीत रडली. मी म्हटलं, काळजी करू नका, आपल्याकडे सोळा कॅमेरे आहेत. रेकॉर्डिंग उघडलं तर गुरुवार नव्हताच. शुक्रवारचीही सकाळ पुसली गेलेली. त्या माउलीची नजर मला अजून झोपू देत नाही.

बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ ला शासन निर्णय निघाला, महिन्याभरात प्रत्येक शाळेत सीसीटीव्ही. नाहीतर अनुदानावर, मान्यतेवर गदा. निर्णय योग्यच होता. पण त्या घाईत जो पहिला आला त्याला आम्ही काम दिलं. "महिन्याभराचं रेकॉर्डिंग राहतंय मॅडम, निवांत रहा," असं सांगून, पैसे घेऊन तो गेला तो गेलाच. नंतर फोन उचलेना. ज्यांच्याकडे तक्रार घेऊन गेले त्यांनी विचारलं, "कॅमेरे बसलेत ना? मग रकाना भरा." माझ्या शाळेतली मुलगी त्या रकान्यात कुठे बसत होती?

तुम्ही आला होतात भाचीचा दाखला न्यायला. बाहेर बाकावर बसून सगळं ऐकलंत आणि आत येऊन एका जुन्या पावतीच्या पाठीवर आकडे मांडलेत. एक साधा कॅमेरा २ एमबीपीएसनं, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट या वेगानं, दिवसाला साधारण २१-२२ जीबी लिहितो. सोळांचे झाले जवळपास साडेतीनशे. डिस्क १ टीबीची, म्हणजे हजार जीबीची. "तीन दिवससुद्धा पुरत नाही, बाई. आणि हे गणित तुम्हाला कुणीतरी करून दाखवायला हवं होतं, यात तुमची चूक नाही." त्या आठवड्यात मला असं म्हणणारे तुम्ही पहिले.

पुढचे दोन रविवार तुम्ही पुण्याची गाडी उशिराची धरलीत. पुण्यात तुम्ही मोठमोठ्या कॉलेजांच्या सुरक्षेचे आराखडे करता, हे मला भाचीकडून कळलं. आमच्या शाळेत पाऊल टाकल्यावर तुम्ही आधी पाहिलीत ती भिंतीवरची लाल रेघ, जुलै २०२१ च्या पुराची. कोल्हापूरच्या सुतारवाड्यात पाणी शिरलं की आमची दप्तरं माडीवर जातात, आणि रेकॉर्डिंगचा डबा मात्र त्या माणसानं तळमजल्यावर, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला! रेघ त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्याला ती दिसलीच नाही.

पण दादा, मला लिहायचंय ते त्या पेन्सिलीबद्दल.

आराखडा टेबलावर पसरला होता. मी, संस्थेचे दोन सभासद आणि तुम्ही. आमच्या शिपाई मावशी चहा ठेवून निघाल्या. तुम्ही उठलात, स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवलीत. म्हणालात, "मावशी, बसा. शाळेत तुम्हाला कुठं भीती वाटते?" मावशी उभ्याच राहिल्या. बावीस वर्षं त्या इथे आहेत, आमच्यातल्या कुणीही त्यांना टेबलाशी बसवलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तुम्ही पुन्हा "बसा" म्हणालात आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिलीत.

ओला हात त्यांनी पदराला पुसला. पेन्सिल मुठीत धरली, लाटणं धरावं तशी. कागदावर बोट फिरवत फाटक शोधलं, मग पाण्याची टाकी. "ह्या टाकीमागं बगा सायेब. भिताडाला भगदाड हाय. सांजचं हितं पोरं बसत्यात, आन् पोरी हितनं पळत जात्यात." टाकीमागे एक ठिपका उमटला. मग जिन्याखाली. मग वऱ्हांड्याच्या टोकाला, स्वच्छतागृहाकडे जाताना दिवा नाही तिथे. तुम्ही मध्ये एक शब्द बोलला नाहीत. आमच्या सोळा कॅमेऱ्यांपैकी एकही त्या ठिपक्यांवर नव्हता.

मग तुम्ही खर्चाची यादी उलटी केलीत. आधी भगदाड बुजवा, दोन दिवे लावा, त्यानंतर कॅमेरे. सोळाचे अकरा झाले. स्वच्छतागृहाच्या दारावर रोखलेला कॅमेरा तुम्ही स्वतः शिडीवर चढून काढलात आणि वऱ्हांड्याच्या तोंडाशी लावलात, कोण आलं-गेलं एवढंच दिसेल असा. चेहरा ओळखायचा तर चित्रात मीटरला अडीचशे पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक कण, लागतात, आणि चाळीस मीटरचं मैदान आपल्या एकाच साध्या कॅमेऱ्यात कोंबलं की पन्नासही मिळत नाहीत, हे तुम्ही सभासदांना मैदानात उभं करून दाखवलंत. फुटेज आठवड्यातून तीनदा मी तपासायचं असतं. ते कसं, हे मला चार वेळा शिकवलंत, आणि चौथ्या वेळीही आवाज चढला नाही. पासवर्ड माझ्या हातानं बदलून घेतलात.

मानधनाचं पाकीट पुढे केलं तर तुम्ही दुखावल्यासारखे दिसलात. मावशींनी बांधून दिलेली भाकरी आणि खर्डा मात्र घेतलात. कोल्हापुरात अशी माणसं पूर्वी गल्लोगल्ली होती असं वडील सांगायचे. पुराच्या पाण्यात दुसऱ्याची म्हातारी खांद्यावर घेऊन चालणारी पोरं मी २०१९ ला पाहिली आहेत, त्यामुळे ती आजही आहेत हे मला ठाऊक होतं. कागद-पेन घेऊन येणारीही असतात, हे तुमच्यामुळे कळलं.

त्या मुलीची आई परवा येऊन गेली. मागच्या फाटकाचा नवा दिवा तिला दाखवला. ती बराच वेळ तिथे उभी होती.

मावशींच्या ठिपक्यांचा तो कागद माझ्या काचेखाली आहे. येत्या मे महिन्यात त्या निवृत्त होतायत. कार्यक्रमाला कुणाकुणाला बोलवायचं विचारलं, तर पहिलं तुमचं सांगितलं, "पेन्सिलवाल्या सायबास्नी सांगा." तारीख कळवते. यायचं.

तुमची,
मुख्याध्यापिका बाई