टीसीएल म्हणजे नेमके काय, हेही छापा

मा. संपादक,
स. न.

पावसाळा तोंडावर आला की तुमच्या तालुका पानावर एक बातमी ठरलेली असते : 'गावातील सर्व विहिरींत टीसीएल टाकण्यात आले.' ती वाचून गाव निर्धास्त होते. आरोग्य सेवक म्हणून मी तीस वर्षे वाड्यावस्त्यांवर फिरलो. त्या अनुभवावरून सांगतो, एवढ्या एका वाक्यावर कुणी निर्धास्त होऊ नये. घोटाळ्याचे मूळ 'टीसीएल' या शब्दातच आहे.

टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाईम, पिण्याच्या पाण्यातले जंतू मारायची पावडर. लाईम म्हणजे आपला चुना. विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ही पावडर तयार करतात. उष्ण हवेत ती लवकर बिघडू नये म्हणून तीत आणखी कळीचा चुना मिसळतात, म्हणून 'ट्रॉपिकल'. पण जंतू मारतो तो क्लोरीन. चुना फक्त त्याला धरून ठेवतो. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो. ओल, ऊन आणि उघडे पोते मिळाले की तो उडून जातो आणि मागे चुना उरतो. पावडर पांढरीच दिसते, आणि तिला सगळे टीसीएलच म्हणत राहतात.

एका गावात गॅस्ट्रोची साथ आली होती. गावाचे नाव लिहीत नाही. पंचायतीच्या खोलीत गळक्या कौलाखाली पोते उभे होते, तोंड साधे सुतळीनेही बांधलेले नव्हते. हात घातला तर खडे लागले. नाकाला झोंबणारा वास येईना. पाणी सोडणारा माणूस काकुळतीने सांगत होता, "साहेब, रोज सकाळी टीसीएल टाकतोय हो." तो खोटे बोलत नव्हता. नळाचे पाणी परीक्षानळीत घेतले, ओटीचे, म्हणजे क्लोरीन ओळखण्याच्या ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे, थेंब सोडले आणि नळी उजेडात धरली. क्लोरीन असता तर पाणी पिवळे झाले असते. ते होते तसेच राहिले. बिचारा कित्येक दिवस टाकीत चुनाच टाकत होता! पोत्यातला नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. क्लोरीन २० टक्क्यांपेक्षा कमी भरला तर ती पावडर पिण्याच्या पाण्याला वापरायची नसते. ही त्याहून कितीतरी खाली निघाली. पण तोवर घरोघरी माणसे आजारी पडली होती. ती नळी मी विसरलेलो नाही.

बाकीच्या नावांनीही अर्थ कळत नाही. शाळेच्या पुस्तकात ती 'विरंजक चूर्ण', दुकानात 'ब्लीचिंग पावडर', आणि गावात नुसते 'औषध टाकलंय'. एका आजींनी मला विचारले होते, "कापडाचा रंग घालवणारी पावडर पोटात कशी घालायची रे बाबा?" प्रश्न अगदी रास्त होता. ही पावडर जन्मली ती कापडासाठीच. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ साली तिचे पेटंट घेतले. त्याआधी तिकडे कापड पांढरे करायला महिनोन् महिने कुरणावर उन्हात पसरून ठेवावे लागे. पुढे १८९७ साली इंग्लंडमधल्या मेडस्टोन गावात विषमज्वराची साथ आली, तेव्हा तिथल्या पाण्याच्या नळांचे निर्जंतुकीकरण याच पावडरीने केले. काम बदलले, नाव कापडाचेच राहिले. आजींना मी सांगितले की हजार लिटर पाण्याला चांगली पावडर काही ग्रॅमच लागते, आणि नळाच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला तरी पुरतो. त्याने ना कापडाचा रंग जातो, ना पोटाला अपाय होतो.

पावडर टाकायचीही रीत आहे. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात ती कालवायची, मग पाणी वाढवून ढवळायची आणि दहा मिनिटे निवळू द्यायची. वरची निवळी तेवढी विहिरीत किंवा टाकीत सोडायची आणि खालचा गाळ टाकून द्यायचा. मुठीने पावडर विहिरीत फेकणारे मी पुष्कळ पाहिले. त्याने चुनाही पाण्यात जातो. निवळी सोडल्यावर तासभर तरी पाणी वापरायचे नाही. आणि घरी ही पावडर संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये चुकूनही मिसळू नये, त्यातून निघणारा वायू जिवावर बेततो.

माझी मागणी मोठी नाही. पंचायतीने पोत्यावर मराठीत 'पाण्याची क्लोरीन पावडर' असे ठळक लिहावे, शेजारी पोते उघडल्याची तारीख आणि तपासणीत आलेली टक्केवारी लिहावी. पोते कोरड्या, अंधाऱ्या जागी तोंड बांधून ठेवावे. आणि तुमच्या वार्ताहरांना विनंती, 'टीसीएल टाकले' एवढ्यावर बातमी संपवू नका. तासाभराने ओटीची तपासणी केली का, कुणी केली, आणि गावाच्या शेवटच्या नळाचे पाणी पिवळे झाले का, हे विचारा आणि तेही छापा.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सेवक,
जि. सातारा