खाण महामंडळ हवंच, पण त्याचा हिशेब कोण बघणार?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. डिचोली, साखळी, सत्तरी भागात हल्ली कुठेही बसलं तरी एक बोलणं हमखास ऐकू येतं, की लोहखनिजाच्या खाणी लिलावात कंपन्यांना द्यायलाच नको होत्या, सरकारने महामंडळामार्फत स्वतः चालवल्या असत्या तर पैसा गोव्यात राहिला असता. हे बोलणाऱ्यांचा राग मला कळतो. आमच्या भागात कितीतरी जणांनी बँकेचं लोन काढून ट्रक घेतले आणि मार्च २०१८ मध्ये खाणी बंद झाल्यावर ते दारात उभे राहिले, हप्ते मात्र चालूच होते. २०२२ च्या शेवटी लिलाव झाला तेव्हा डिचोलीचा खाण ब्लॉक वेदांता ह्या खासगी कंपनीकडे गेला, मग लोक म्हणणारच की आमच्या हातात काय आलं. तरीपण खाण सरकारी झाली की ती आपोआप लोकांची होते हे मला अजिबात पटत नाही.

कारण सरकारच्या हातात सही होतीच की! पोर्तुगीजांच्या काळातली कन्सेशन्स, म्हणजे खाणीचे जुने परवाने, १९८७ च्या कायद्याने लीज (भाडेपट्टे) म्हणून धरली गेली, त्या लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७ ला संपली होती आणि त्यानंतरचं खाणकाम बेकायदा होतं असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं. म्हणजे सरकारपुढे पाटी कोरी होती, नव्याने लिलाव करून चांगला भाव घेता आला असता. झालं काय, तर केंद्राचा लिलाव सक्तीचा करणारा अध्यादेश १२ जानेवारी २०१५ ला आला आणि त्याच्या आधीच्या दोनेक महिन्यांत घाईघाईने लीज रिन्यू करण्याचा सपाटा चालला, एकूण ८८ लीज जुन्याच लोकांना मिळाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टाने त्या सगळ्या रद्द केल्या. ह्याच्यात चूक खासगी कंपनीची किती आणि सरकारी खुर्चीची किती? माझ्या मते खुर्चीची जास्त, कारण कंपनी मागणारच, देणारा सरकारात बसलेला होता.

आणि गोव्यात देणारा आणि घेणारा हे पहिल्यापासूनच जवळजवळचे. भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते, १९६३ मध्ये पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांनी गावोगावी शाळा काढल्या, बहुजनांच्या पोरांना शिकवलं, ते ऋण आम्ही मानतोच आणि मानणारच. पण पैसा आणि सत्ता एका घरात असली तरी माणूस चांगला असेल तर चालतं, असा जो समज तेव्हा तयार झाला तो पुढे महागात पडला, कारण पुढचे सगळे भाऊसाहेब नव्हते. वर्तमानपत्रांचं बघा, ‘गोमन्तक’ चौगुल्यांनी काढला, ‘नवहिंद टाइम्स’ धेंप्यांनी, दोन्ही तेव्हाचे खाणमालक. त्या पेपरांनी मराठी आणि इंग्रजी वाचकांना खूप दिलं हेही खरं, पण खाणीवर प्रश्न विचारायला जागा किती उरते ते तुम्हा संपादकांना मी काय सांगणार.

महामंडळाचं म्हणाल तर दोन देश बघायला पाहिजेत. मलेशियाने २००९ मध्ये वनएमडीबी नावाची सरकारी कंपनी काढली, देशाच्या विकासासाठी. तिच्या सल्लागार मंडळाचे प्रमुख पंतप्रधान नजीब रझाक, अर्थमंत्रीही तेच. त्या कंपनीतून साडेचार अब्ज डॉलर पळवले गेले असं अमेरिकेच्या न्याय खात्याने म्हटलं आणि २०२० मध्ये ह्या प्रकरणाशी जोडलेल्या एका खटल्यात नजीबना १२ वर्षांची शिक्षा झाली. कंपनी शंभर टक्के सरकारी होती बरं का. उलट नॉर्वे, तिथेही तेल कंपनीत सरकारच मोठा मालक, पण तेलाचे पैसे एका फंडात जातात, १९९६ पासून जमा व्हायला लागले, तो फंड मध्यवर्ती बँक सांभाळते, पैसा कुठल्या कुठल्या कंपनीत गुंतवलाय त्याची यादी कोणीही उघडून वाचू शकतो, आणि दर वर्षी अंदाजे किती टक्के खर्च करायचे ते आधी ठरलेलं असतं, म्हणून इलेक्शन आलं म्हणून मंत्र्याला हवा तसा हात घालता येत नाही. दोन्हीकडे सरकारच मालक, फरक हिशेब उघडा ठेवण्याचा.

आपल्याकडेही बीज आहे. २०१४ च्या त्याच निकालात कोर्टाने विकलेल्या मालाच्या १० टक्के रकमेचा कायमचा फंड ठेवायला सांगितलं, म्हणजे खाण संपली तरी पुढच्या पिढीला काही उरावं. आणि खनिज महामंडळाचा कायदा विधानसभेत २०२१ लाच झाला. म्हणून खाणपट्ट्यातल्या आमदारांना माझी विनंती आहे, नुसतं ‘महामंडळाला खाणी द्या’ म्हणू नका. महामंडळाच्या बोर्डावर मंत्री, आमदार किंवा त्यांचे नातेवाईक नकोत हे कायद्यात घाला. कुठला माल कोणाला कुठल्या भावाने विकला ते दर महिन्याला लोकांसमोर ठेवा, मराठीत आणि कोंकणीत, पंचायतीच्या बोर्डावरही लावा. कॅगचा रिपोर्ट दर वर्षी सभागृहात यायलाच पाहिजे. आणि येत्या अधिवेशनात निदान एकाने तरी उठून विचारा, त्या कायमच्या फंडात आज किती रुपये आहेत आणि ते कुठे ठेवलेत?

आपला,
एक वाचक, डिचोली