गुलाबी रंग नायट्राइटचा, नायट्रिक ऑक्साइडचा नव्हे

महोदय,

महाविद्यालयांत प्रकल्पांचे दिवस आले की एक विषय हमखास पुढे येतो. घोडबंदर रस्त्यालगतच्या झाडाची पाने आणि येऊरच्या जंगलातली त्याच जातीची पाने आणायची, दोन्हींतले नायट्रिक ऑक्साइड (वाहनांच्या धुरात असणारा आणि पानातही तयार होणारा वायू) मोजायचे आणि ‘वाहनांच्या धुरामुळे वाढ’ असा निष्कर्ष लिहायचा. विषय उत्तम आहे, पण मोजले जाते ते बहुधा दुसरेच काहीतरी. (दातांच्या दवाखान्यात हुंगवतात तो नायट्रस ऑक्साइड, तो वेगळा.)

खिशाला परवडते ती ग्रीस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची रंग-चाचणी. अर्धा ग्रॅम पान ३ मिलिलिटर थंडगार अ‍ॅसिटिक आम्लाच्या बफरमध्ये (सामू स्थिर राखणारे द्रावण; ५० मिलिमोलर, सामू ३.६, त्यात ४ टक्के झिंक अ‍ॅसिटेट) खलात वाटायचे, सेंट्रिफ्यूज करायचे, हिरवा रंग काढायला निवळीत ०.१ ग्रॅम कोळशाची पूड घालून गाळायचे, तेवढेच ग्रीस द्रावण मिसळून अर्ध्या तासाने ५४० नॅनोमीटरवर वाचन घ्यायचे. गुलाबी रंग येतो तो नायट्राइट या क्षारामुळे. नायट्रिक ऑक्साइडचे हवा-पाण्यात नायट्राइट होते हे खरे. पण पान मातीतल्या नायट्रेटपासून स्वतःच नायट्राइट बनवत असते. युरिया घातलेल्या कुंडीतले आणि उपाशी कुंडीतले पान वेगळा रंग देणारच.

रस्त्याकडेच्या पानात आणखी एक घोळ असतो. धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड पानावरच्या ओलाव्यात विरघळून नायट्राइट आणि नायट्रेट देतो. म्हणजे पान न धुता वाटले, तर मोजला जातो तो रस्ता. आधी ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा आणि ते धुवण बाजूला ठेवून त्याचीही चाचणी करा. दुसरे, पाने प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून लोकलने आणू नका. नायट्राइट पुढे पचवणाऱ्या विकराला हरितलवकातून, म्हणजे प्रकाशातून, इलेक्ट्रॉन मिळतात. अंधार आणि प्राणवायूची टंचाई एकत्र आली की नायट्राइट साचते. तिसरे, सामू ३.६ ला सुमारे एक तृतीयांश नायट्राइट नायट्रस आम्लाच्या रूपात जाते आणि पानातल्या क जीवनसत्त्वाशी अभिक्रिया होऊन उडून जाते. किती गेले ते कळायला एका नमुन्यात वाटतानाच ठरावीक नायट्राइट घालावे आणि किती परत मिळते ते पाहावे. गुलाबी रंग देणारे नॅफ्थिल द्रावण वगळून केलेली कोरी नळी तर हवीच, नाहीतर कोळशातून निसटलेला पानाचा रंगही हिशेबात जमा होतो.

सूक्ष्मदर्शकाची सोय असेल तर डीएएफ-एफएम डायअसिटेट हे, नायट्रिक ऑक्साइड दाखवायला वापरतात ते हिरवे चकाकणारे रंजक बरे. जाड, मिठागर झालेल्या तिवराच्या पानाशी झटापट करण्यापेक्षा पावसाळ्यात कुठेही उगवणारा केना घ्या. त्याच्या पानाचा खालचा पापुद्रा सहज सुटतो. रंजकाच्या ५ मिलिमोलर दाट साठ्यातले २ मायक्रोलिटर १ मिलिलिटर बफरमध्ये घातले की १० मायक्रोमोलर होते. पापुद्रे त्यात अंधारात २० ते ३० मिनिटे ठेवून तीनदा धुवावेत. ४८८ नॅनोमीटरने उद्दीपन, आणि चकाकी फक्त ५०५ ते ५३० या पट्ट्यात पाहावी. ५१५ च्या पुढचे सगळे सोडणारा फिल्टर लावला तर हरितद्रव्याची लाल चमकही आत येते. कॅमेऱ्याचे आपोआप एक्स्पोजर बंद ठेवावे. फाटलेल्या कडेच्या पेशी नेहमीच जास्त उजळतात, त्या मोजू नयेत.

तरीही हिरवी चकाकी हा पुरावा नव्हे. हे रंजक थेट नायट्रिक ऑक्साइडशी नव्हे, तर त्याच्या ऑक्सिडीकरणातून बनणाऱ्या पदार्थांशी जुळते, आणि पेरॉक्सिडेज विकर व हायड्रोजन पेरॉक्साइड असले तरी फसते. म्हणून एक पापुद्रा आधी सीपीटीआयओ या नायट्रिक ऑक्साइड शोषून घेणाऱ्या रसायनात (२०० मायक्रोमोलर) ठेवतात. तेही नायट्रिक ऑक्साइड शोषताना नायट्रोजन डायऑक्साइड सोडते आणि कधीकधी चकाकी उलट वाढवते! तेव्हा दुसरा पापुद्रा ४-अमिनोफ्लुओरेसीन डायअसिटेटमध्ये. नायट्रिक ऑक्साइडशी न जुळणारा हा भाऊ चमकला तर दोष दुसरीकडे आहे. रंजक ज्यात विरघळवतात ते द्रावक, म्हणजे डीएमएसओ, नुसते घातलेला तिसरा.

खरा वायू मोजायचा तर ओझोनवर आधारलेले रासायनिक दीप्तीचे यंत्र लागते. हवेची गुणवत्ता तपासणाऱ्या केंद्रांत असते तेच. पान काचेच्या बंद कक्षात, देठ पाण्यात. मिनिटाला १ लिटर हवा फिरत असेल आणि आत-बाहेरचा फरक १ पीपीबी (अब्ज भागांत एक भाग) असेल, तर तासाला सुमारे २.४५ नॅनोमोल वायू बाहेर पडतो. ५ ग्रॅम पानासाठी ग्रॅममागे अर्धा नॅनोमोल. एवढ्याशा आकड्यावर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या सकाळच्या हवेने सहज पाणी फिरते. आत जाणारी हवा परमँगनेट आणि मग कोळशातून गाळून, दर वेळी रिकाम्या कक्षाचे वाचन आधी घ्यावे लागते.

हे यंत्र नसेल तर प्रकल्पाच्या शीर्षकात, आणि आपल्या अंकात बातमी आली तर तिच्याही मथळ्यात, ‘नायट्राइट’ असे लिहावे. तेही मोजण्याजोगे आहे. फक्त धुवणाचा आकडा शेजारी छापावा.

— वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतील दोन सहकारी, ठाणे (पश्चिम)