ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र : बिल तपासता येईल असं छापा

माननीय ऊर्जामंत्री महोदय,

स. न. वि. वि.

खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा, असं आपलं खातं सांगत असतं. सल्ला योग्यच आहे. पण ९ वॅटचा एलईडी रोज पाच तास लावला, तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही. उलट १२ वॅट घेणारा सेट-टॉप बॉक्स नुसत्या रिमोटने ‘बंद’ करून ठेवला, तर तो महिन्याला साडेआठ युनिटं खातो. हे बिलावरून कुणाला कळावं?

पहिली अडचण दिवसांची. समजा, पहिल्या स्लॅबची, म्हणजे सर्वांत स्वस्त दराच्या टप्प्याची, मर्यादा महिन्याला १०० युनिटं आहे. रोज ३ युनिटं वापरणाऱ्या घराचं रीडिंग ३० दिवसांनी घेतलं तर ९० होतात. ३६ दिवसांनी घेतलं तर १०८, आणि वरची ८ महाग दराने लागतात. वापर तोच, चूक रीडिंगला उशिरा येणाऱ्याची. ३६ दिवसांसाठी मर्यादा १२० धरायला हवी. रीडिंग न घेता अंदाजाने दिलेल्या सरासरी बिलांनंतर तीन महिन्यांचं खरं रीडिंग एकदम लागतं, तेव्हा तर हा फरक फारच मोठा होतो. म्हणून दोन्ही रीडिंगच्या तारखा, मधले दिवस, दिवसांप्रमाणे वाढवलेली स्लॅब-मर्यादा आणि रीडिंग प्रत्यक्ष की अंदाजे, एवढं बिलावर ठळक छापा. मागच्या पानावरच्या बारीक अक्षरांत नको.

दुसरं, मीटरचा लुकलुकणारा दिवा. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट. अशा मीटरचा दिवा दर सेकंदाला एकदा लुकलुकत असेल, तर घरात त्या क्षणी ११२५ वॅट चालू आहेत. गीझर लावून मोजा, बंद करून मोजा. फरक म्हणजे गीझर. या आकड्याचा अर्थ बिलावर दोन ओळींत सांगता येईल.

त्याच दिव्यावरून छुपा वापरही सापडतो. मेन स्विच चालू ठेवून सगळ्या उपकरणांचे प्लग काढायचे, दिवे-पंखे बंद करायचे आणि दहा मिनिटं बघायचं. लुकलुकणं थांबलं नाही, तर एकेक एमसीबी (बोर्डावरचा त्या-त्या लाइनचा संरक्षक स्विच) पाडत जायचं. जो पाडल्यावर थांबेल, त्या लाइनवर काहीतरी चालू आहे किंवा वायरिंगमध्ये गळती आहे. मेन पाडूनही चालूच राहिलं, तर दोष मेनच्या आधी आहे. तिथे ग्राहकाने हात घालू नये, तक्रार करावी. (काही मीटरवर भार नसताना दिवा सलग पेटलेला राहतो, ती गळती नव्हे.)

पाइप गॅसचं बिल घनमीटरमध्ये येतं, विजेचं युनिटांत. एक घनमीटर नैसर्गिक गॅस म्हणजे साधारण १० ते ११ युनिटं ऊर्जा. ही एक ओळ गॅसच्या बिलावर आली, तर शेगडी स्वस्त की इंडक्शन, हे घरच्या घरी ठरवता येईल. गॅसची जेमतेम निम्मी उष्णता भांड्यात जाते, बाकीची कडेने निघून जाते. इंडक्शनची ८० टक्क्यांहून जास्त जाते. त्यामुळे गॅसचं युनिट विजेच्या युनिटच्या निम्म्याहून स्वस्त नसेल, तर इंडक्शनचा विचार करावा. ज्योत पिवळी पडून भांडी काळी होत असतील, तर आधी बर्नरची भोकं साफ करावीत. जेटमध्ये, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीत, मात्र सुई खुपसू नये. भोक मोठं झालं की गॅस जास्त सुटतो आणि ज्योत आणखी बिघडते.

गॅस मीटरवरचे लाल आकडे दशांश चिन्हानंतरचे असतात. एक लाल आकडा चुकून धरला तरी रीडिंग दहापट होतं, आणि ते दुरुस्त करून घ्यायला ग्राहकालाच खेटे घालावे लागतात. रीडिंगचा फोटो बिलावर असेल, तर ही चूक बिल हातात पडताच दिसेल.

आपले,
घरगुती वीज-गॅस जोडण्यांचं काम करणारे काही तंत्रज्ञ