मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या चाचांना, आभाराचं पत्र

चाचा, सलाम.

तानपुरा दुरुस्त करून नेला त्याला दीड वर्ष झालं आणि आभाराचं पत्र आत्ता येतंय. पैसे त्याच दिवशी दिले होते, त्यामुळे तुमच्याकडचा हिशेब केव्हाच मिटलाय. माझ्याकडचा राहिलाय. तुमचं नाव लिहीत नाही. दुकानाचा फोटो काढू का विचारलं तेव्हाच तुम्ही हातानं नको म्हणाला होतात. पण पत्र उघडं ठेवतोय, कारण कुपवाडच्या एमआयडीसीत माझ्यासारखे साहेब शेडाशेडात बसलेत आणि त्यांनी सतारमेकर गल्ली पाहुण्यांना दाखवण्यापुरतीच पाहिलीय. मीही त्यातलाच होतो.

ओळख पटावी म्हणून सांगतो. आईचा तानपुरा घेऊन आलेला, खिशात बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर बाळगणारा माणूस, तो मी.

आई गेल्यावर तानपुरा आठ वर्षं माळ्यावर गवसणीत पडून होता. मुलीला गाण्याला घातलं, तिच्या बाईंनी मोबाइलवरचा तानपुरा ऐकून तोंड वाकडं केलं आणि घरातला नीट करून आणा म्हणाल्या. भोपळा शाबूत होता, दांडी सरळ होती. मला वाटलं तारा बदलल्या की झालं. तुम्ही एक तार छेडलीत, मग दुसरी, आणि म्हणालात, "आवाज बसलाय. जवारी गेली." किती वेळ लागेल विचारलं तर म्हणालात, "बसा." अर्ध्या तासाच्या बोलीनं आलेला मी तीन तास बसलो.

तारा जिच्यावर टेकतात ती घोडी काढून तुम्ही माझ्या हातात दिलीत. तिच्या माथ्याची नेमकी घासलेली गोलाई म्हणजे जवारी. अंगठा फिरवल्यावर कळलं, चारही तारांनी तिच्यावर बारीक घरं केली होती. मग कानस. दोन हात, फुंकर, घोडी परत जागेवर, तारा ताणायच्या, तारेखालचं सूत केसभर पुढं, केसभर मागं, कान खाली, ऐकायचं. पुन्हा तारा सैल. पुन्हा दोन हात. मी सवयीनं मोजत होतो. एकविसाव्या खेपेला मोजणं सोडलं. आमच्याकडं एका जॉबचा सायकल टाइम सेकंदांत धरतात, त्यामुळे माझ्या पोटात कालवाकालव चालली होती. न राहवून विचारलं, "एका वेळी किती मायक्रॉन काढता?"

"ते काय असतं?"

"मिलिमीटरचा हजारावा भाग."

"आम्ही ऐकू येईस्तोवर काढतो," म्हणालात आणि पुन्हा कानस उचललीत.

तुम्ही मूळचे शिकलगार, हे त्याच दिवशी कळलं. तलवारींना धार लावणारी घराणी, त्या कामाचे दिवस सरले तसे वाद्यांकडं वळली, आणि फरीदसाहेब सतारमेकरांपासून ही गल्ली उभी राहिली. म्हणजे आपण दोघंही कानशीवर जगणारे. फरक एवढाच, की तुमच्या कानशीवर तुमचा विश्वास आहे आणि माझ्या माणसांच्या कानशीवर माझा नव्हता.

ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहितोय ती तुमच्या लक्षातही नसेल. तुमचा पुतण्या, विशीचा असेल, कोपऱ्यात दुसऱ्या एका तानपुऱ्याची घोडी घासत होता. मध्येच थांबला. तार छेडून पाहिली, उठला आणि घोडी तुमच्यासमोर ठेवून म्हणाला, "जादा गेली."

कुणी विचारलं नव्हतं, कुणाला ऐकूही गेलं नव्हतं. तुम्ही ती आईच्या तानपुऱ्यावर चढवून छेडलीत. आवाज पातळ, पत्र्यासारखा कनकनला. तुम्ही विचारलंत, "कुठं?" तो म्हणाला, "पुढचा उतार." तुम्ही मान हलवलीत आणि मागच्या फळीवरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून ती घोडी त्यात टाकलीत. डबा भरलेला होता. हाडाच्या, शिंगाच्या, अलीकडच्या प्लास्टिकच्या, सगळ्या बिघडलेल्या घोड्या. मी विचारलं, एवढ्या याच्याच का? तुम्ही हसलात. "निम्म्या माझ्याच असतील." फेकत का नाही विचारलं, तर म्हणालात, "फेकली तर कळणार कसं, जादा म्हणजे किती?"

मला त्या "जादा गेली"नं घायाळ केलं, चाचा. कारण तीनच आठवड्यांपूर्वी माझ्या मशीन शॉपमधून पंपाच्या हाऊसिंगचे एकशे ऐंशी नग बाहेर पडले होते, ज्यांचा बोअर, म्हणजे आतलं भोक, ४० मायक्रॉननं मोठा होता. गिऱ्हाईकाची लाइन थांबली. चौकशी केली तेव्हा निघालं, की सेकंड शिफ्टला मशीन लावून देणाऱ्या सेटरला सहाव्या नगालाच कळलं होतं. कापणाऱ्या इन्सर्टचा कोपरा उडाला होता, मशीनला दिलेला मापाचा ऑफसेट चुकला होता. त्यानं मशीन चालू ठेवली आणि तोंड बंद. का, विचारलं तर खाली बघून म्हणाला, "सर, सकाळच्या मीटिंगमध्ये नाव येतं."

ती मीटिंग माझी. साडेसातला सगळ्यांना उभं करायचं, ज्याचं रिजेक्शन जास्त त्याला पुढं बोलवायचं आणि सगळ्यांदेखत विचारायचं. मी याला शिस्त म्हणत होतो. गंमत म्हणजे ज्या भिंतीपाशी ती मीटिंग भरायची, तिच्यावर कंपनीनं छापून घेतलेला बोर्ड होता. पारदर्शकता, विश्वास, आपलेपणा. हॉटेलात दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं, त्याचं ते फळ. ट्रेनरनं परदेशी ऑर्केस्ट्राची फिल्म दाखवली होती आणि लीडर म्हणजे तो काठीवाला, असं सांगितलं होतं. आम्हाला पटलंही. आपल्या मैफलीत काठीवाला नसतो आणि तरी गाणं होतं, हा प्रश्न तिथं बसलेल्या एकालाही पडला नाही. गवयाच्या मागं तानपुरे धरून बसणाऱ्यांकडं तर कोण बघतो?

मग तुम्ही तारा लावल्यात. पंचम, दोन जोडाच्या आणि शेवटी पितळेचा खर्ज. खुंट्या पिळून, मग खालचे मणी सरकवून. मला म्हणालात, "गंधार येतो का बघा." मी गोंधळलो. आईमुळे एवढं माहीत होतं, की तानपुऱ्यात गंधाराची तार नसते. तुम्ही कान भोपळ्याशी आणायला लावलात. पहिल्यांदा काही नाही. तुम्ही सूत केसभर हलवलंत, खर्ज पुन्हा छेडलात, आणि त्या जाड, घोगऱ्या आवाजाच्या वर, खूप वर, कुणीतरी हळू गंधार धरल्यासारखा ऐकू आला. आई त्याला स्वयंभू गंधार म्हणायची. लहानपणी मला वाटायचं ही गाण्यातल्या लोकांची भाविक बोलायची पद्धत.

घरी येऊन वाचलं. भाविकपणा नाही, गणित आहे. कुठल्याही तारेत मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर दडलेले असतात, आणि खर्जाच्या पाचपटीवर गंधार बसतो. साध्या घोडीवर ते सूर दबून राहतात. जवारी काढलेल्या घोडीला हलकी गोलाई असते, तिच्यावर तार टेकत, सुटत थरथरते, आणि दडलेलं उघडं होतं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर निबंध लिहिला होता. पाश्चात्त्य नियमाप्रमाणे तार ठरावीक जागी छेडली तर काही सूर उमटायलाच नकोत, आणि आपल्या तानपुऱ्यात, वीणेत ते खुशाल उमटतात, असं त्यांना आढळलं. रामन ज्यावर लिहितात ते तुम्ही बिस्किटांचा डबा शेजारी ठेवून करता!

त्या रात्री भिंतीवरचा बोर्ड डोळ्यांपुढं आला. आपलेपणा, विश्वास. आम्ही गंधाराची पाचवी तार लावायला निघालो होतो. रोज सकाळी ती जोरात छेडत होतो आणि खालची घोडी बघायला कुणी वाकत नव्हतं.

एक सांगून ठेवतो, नाहीतर कुणी म्हणेल हा उस्तादांच्या जमान्याला भुलला. जुन्या शिकवणीत सगळंच घेण्यासारखं नव्हतं. विद्या लपवून ठेवणारे, शिष्याकडून वर्षानुवर्षं पाणी भरून घेणारे होतेच, आणि त्या किश्श्यांवर टाळ्या पडतात याचं मला नवल वाटतं. माझी साडेसातची मीटिंग त्याच जातीची होती. पण तुमच्या दुकानात ज्यांचा फोटो आहे ते अब्दुल करीम खाँसाहेब बघा. संगीत विद्यालय काढून शिकवणारे, स्वतः वाद्यं दुरुस्त करणारे. एवढ्या मोठ्या गवयाला तानपुऱ्याची घोडी हातात धरायला कमीपणा वाटला नाही. १९३७ मध्ये गेले, इथंच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि अजून उरुसात गवई तिथं येऊन गातात. मी शॉपचा प्रमुख होऊन सहा वर्षं झाली होती आणि मशीनला शेवटचा हात कधी लावला ते आठवत नव्हतं.

मी फार मोठं काही केलं नाही, चाचा. मीटिंगमध्ये नावं घेणं थांबवलं. आमच्याकडं खराब माल लाल पेटीत कुलपात ठेवतात, ती पद्धत तशीच राहिली, ती लागतेच. पण क्वालिटीच्या टेबलाशेजारी एक उघडी फळी लावली. जो नग बिघडला त्यातला एक तिथं ठेवायचा, सोबत चिठ्ठी, काय झालं आणि कुठं कळलं. शॉपमध्ये त्या फळीला आता डबा म्हणतात. का, ते कुणालाच माहीत नाही.

पहिला नग मी ठेवला. दोन वर्षांपूर्वी एका फिक्सचरच्या ड्रॉइंगवर मी न बघता सही केली होती आणि खापर व्हेंडरवर फोडलं होतं. ती प्लेट स्टोअरमधून शोधून काढली आणि चिठ्ठीवर माझं नाव घातलं. हात कापला, खरं सांगतो. दहा दिवस फळीवर ती एकटीच. पोरं यायची, वाचायची, जायची. अकराव्या दिवशी रिटायरमेंटला आलेल्या आमच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरनं एक जॉब आणून ठेवला आणि चिठ्ठीत लिहिलं, "चष्मा घरी राहिला होता." दोन दिवस शॉप हसत होतं. मग फळी भरायला लागली.

आकडे विचाराल तर पहिले दोन महिने रिजेक्शन कागदावर वाढलं. आधी जे रात्री भंगारात जायचं ते दिवसा टेबलावर यायला लागलं. वरून बोलावणं आलं, मला उभं करून विचारलं गेलं, सगळ्यांदेखत. तेव्हा पुतण्याची ती घोडी आठवली आणि मीही म्हणालो, हो, माझ्या शॉपमध्ये एवढं बिघडत होतं, आता कळतंय. माझं म्हणणं फार कुणाला आवडलं नाही. पुढं आकडा उतरला, पण मी त्याची गोष्ट करून सांगत नाही, कारण त्याच सुमारास दोन नवीन मशीनही आल्या होत्या.

तो सेटर मात्र गेला. चाकणला नोकरी मिळाली म्हणाला. जाताना पेढे दिले, हात मिळवला, बाकी काही बोलला नाही. त्याच्याशी बोलायचं ते राहूनच गेलं.

आणि गेल्या मे महिन्यात, डिस्पॅचच्या गडबडीत, मी एका पोराला मशीनपाशीच फाडफाड बोललो. चूक त्यानं स्वतः येऊन सांगितली होती, तरी. पुढचा आठवडाभर फळीवर एकही नवीन चिठ्ठी नव्हती. तानपुरा हातात देताना तुम्ही म्हणाला होतात, "वर्ष-दोन वर्षं जाईल. रोज वाजवलात तर आधी उतरेल, तेव्हा आणा." मी तेव्हा ते वॉरंटीसारखं ऐकलं होतं. त्या पोराची माफी मागितली. फळी पुन्हा हलायला अजून पंधरा दिवस गेले.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात भोपळ्यांचे फोटो आले होते, पंढरपूरकडून येणाऱ्या. तुमच्या डब्याचा फोटो कुणी छापला नाही. छापायला हवा होता.

मुलगी रोज वाजवते. पाऊस सुरू झाल्यापासून खर्ज पुन्हा बसल्यासारखा वाटतोय, तिच्या आधी मला कळलं याचा मला फार अभिमान वाटला. सुट्टी बघून घेऊन येतो. या खेपेला घाई करणार नाही, डबा बांधून आणतो, दोघांपुरता.

आणि एक विनंती. त्या दिवशी मी हट्ट केला म्हणून तुम्ही एक जुनी घोडी माझ्या हातात दिली होतीत आणि मी व्हर्नियर लावून लावून ती घासली होती. चौथ्या हातालाच गेली. तुम्ही काही न बोलता पेन्सिलीनं खूण करून डब्यात टाकलीत. शिंगाची आहे, एका टोकाला काळा डाग आहे. डबा साफ करायला काढलात तर तेवढी राहू द्या.

तुमचा,
व्हर्नियरवाला